चुंबकाच्या जागी पितळ

"चुंबक काढा," सर म्हणायचे. म्हणताना पडद्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. उजव्या हाताची दोन बोटं वर, डावा हात कोटाच्या खिशात आणि नजर खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर. समोर यंत्राच्या पडद्यावर कुणाची तरी महिनोन्‌महिन्यांची मेहनत हिरव्या रेघेत उमटलेली असायची, तो बिचारा शाबासकीच्या आशेनं उभा असायचा, आणि यांचं आपलं एकच पालुपद. आधी चुंबक काढा, मग बोला.

चांगली बातमी ऐकली की ज्यांचा चेहरा पडतो अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यातल्या बहुतेकांच्या पोटात दुखत असतं. आमच्या सरांचं तसं नव्हतं. दुसऱ्याचं चांगलं झालेलं त्यांना मनापासून हवं असायचं, पण ते खरंच झालंय याची खात्री पटेपर्यंत त्यांना घास गिळवायचा नाही. वाईट बातमी मात्र ते निवांत ऐकायचे. "ही खरी असणार," म्हणायचे.

दक्षिण दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी तेव्हा तांत्रिक अधिकारी होते. दारावरची पाटी मोठी, खरं काम राखणदारीचं. ज्या यंत्रावर सगळ्यांचे सिग्नल तपासले जात ते माझ्या ताब्यात होतं, आणि त्याला कुणी जोर लावून केबल पिळली की मी चारचौघांत ओरडायची. सर शास्त्रज्ञ, माझ्यापेक्षा हुद्द्यानं कितीतरी वर. पण ते मूळचे मिरजेचे आणि मी सोलापूरची. दिवसभर हिंदी आणि इंग्रजी बोलून जीभ कंटाळली की ते माझ्या खोलीत येऊन थोडं मराठी बोलून जायचे. मला 'जाधवबाई' म्हणायचे, आणि त्या एका हाकेनं मला आपल्या गावच्या शाळेत असल्यासारखं वाटायचं.

आता त्यांचं काम काय, ते सांगते. मला समजलं तेवढंच सांगेन. फोन असो की रडार, आत सिग्नल गाळावे लागतात. हवा तो ठेवायचा, नको तो अडवायचा. हे काम विजेच्या धावपळीवर चालतं, आणि वीज धावली की तापते. बराच वेळ बोललं की फोनमुळे कान गरम होतो, तो उगाच नाही. सरांनी वेगळी वाट धरली होती. गार्नेट नावाच्या स्फटिकाची नखाएवढी फिल्म, तिच्या दोन टोकांना केसासारख्या दोन तारा. एका तारेतून सिग्नल आला की फिल्ममधली अतिसूक्ष्म चुंबकं एकामागून एक डोलतात आणि ते डोलणं दुसऱ्या तारेपर्यंत पोचतं. जागचं कुणीच हलत नाही. देवळाच्या रांगेत मागच्यानं कोपर मारलं की तो धक्का पार पुढच्या माणसापर्यंत जातो ना, तसंच. याला ते स्पिन-लहर म्हणत. खाली ठेवलेलं चुंबक जरा पुढेमागे सरकवलं की तीच फिल्म वेगळा सिग्नल गाळायला लागते. म्हणजे चाळण एकच, भोकं मात्र हवी तशी बदलायची, आणि वीज लागणार अगदी नावापुरती.

पण या कामात एक चोर असतो. कधीकधी सिग्नल फिल्ममधून जातच नाही. तो बाहेरच्या बाहेर, फिल्म ज्या धातूच्या डब्यात बसवलेली असते त्याच्या पोकळीतून, या तारेवरून त्या तारेवर उडी मारतो. पडद्यावर दोघं सारखेच दिसतात. म्हणून चुंबक काढायचं. चुंबक नसेल तर लहर उठायलाच नको. तरीही रेघ उभी राहिली, तर तो चोर.

सर याच्याही पुढे जायचे. चुंबक हा शेवटी धातूचा तुकडा, तो नुसता जवळ असल्यानंही डब्यातला सिग्नल बदलतो. म्हणून करोल बागेत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका लेथवाल्याकडून त्यांनी अगदी चुंबकाच्याच मापाचा पितळेचा ठोकळा करून घेतला होता. चुंबक काढलं की त्या जागी ते हा ठोकळा ठेवायचे, तोही बोलता बोलता, कुणाच्या लक्षात येणार नाही असा. ठोकळा कायम कोटाच्या डाव्या खिशात. त्यांचे सगळे कोट डावीकडे लोंबायचे. 'चुंबक काढा' हे वाक्य अख्ख्या प्रयोगशाळेनं उचललं, अगदी कँटीनमध्ये कुणाच्या प्रमोशनच्या गप्पा निघाल्या तरी लोक तेच म्हणायचे. ठोकळा मात्र कुणी उचलला नाही.

घरीही तेच. "ह्यांना आमटी आवडली की माझ्या पोटात गोळा येतो," वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या. "आमटी चांगली होती की आपल्याला भूक जास्त होती, हे बघायला दुसऱ्या दिवशी चार वाजता बिस्किटं खातात आणि रात्री तीच आमटी परत मागतात. मी काय करायचं सांगा."

माझ्या मुलीला गुरुग्रामचा मुलगा सांगून आला तेव्हा मीच सरांना पोहे खायला बोलावलं. मुलगा काचेच्या टॉवरमध्ये मोठ्या कंपनीत, नुसत्या हुद्द्याचं नाव ऐकूनच माझे यजमान वितळले होते. सरांनी पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "उद्या कंपनी बंद झाली असं धरा. मग तुम्ही सकाळी उठून काय कराल?" यजमानांनी माझ्याकडे असं बघितलं की बस्स. मुलगा थोडा विचार करून म्हणाला, "दोन दिवस झोपेन, सर. मग बघू." स्वयंपाकघरात येऊन सर मला हळूच म्हणाले, "कंपनी काढली तरी उरतोय हा. हरकत नाही." मुलीनं आधीच ठरवलं होतं, तो भाग वेगळा. जावई अजूनही चांगला झोपतो.

जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला जायची, काला अंब इथल्या लढाईच्या स्मारकाला. बसमध्ये घोषणा आणि पुऱ्यांचे डबे. एका वर्षी परतताना सर म्हणाले, "आपण जिथे हरलो तिथे दरवर्षी बस करून येणारे आपणच. हे मला फार आवडतं." पुढच्या सीटवरचे गृहस्थ चिडले, "हरलो काय म्हणता!" बस सोनिपतपर्यंत वाद घालत आली. सर शांतपणे संत्रं सोलत बसले होते.

पुढच्या वर्षी मात्र ते बसला आले नाहीत. त्याच आठवड्यात समिती यायची होती.

या समितीवर काय अवलंबून होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सर लवकरच निवृत्त होणार होते. त्यांच्या हाताखाली नेहा नावाची रोहतकची मुलगी कंत्राटावर होती. सुभेदाराची लेक, बोलायला फटकळ, हातानं अतिशय नाजूक. केसासारखी तार सोल्डर करताना ती श्वास रोखायची आणि तिच्याबरोबर मीही. हे काम आपल्यामागे नेहानं चालवावं, ही सरांची एकच इच्छा होती. समितीनं प्रकल्प वाढवला तर नेहा राहणार आणि काम राहणार. नाही वाढवला तर खोली दुसऱ्या गटाला आणि नेहा घरी. आधीच्या समितीनं बजावलं होतं की रेघ फार दुबळी आहे, पुढच्या वेळी डोळ्यांत भरेल असं काही दाखवा.

समितीच्या आदल्या दिवशी सरांना मंत्रालयात बोलावणं होतं. दुपारी वर्कशॉपमधून नेहानं स्वतः आखलेला नवा डबा आला. तिनं फिल्म त्यात बसवली, केबल लावली, आणि रेघ अशी ताडकन उठली की ती किंचाळलीच. मी धावत गेले, मला वाटलं शॉक बसला. चुंबक सरकवलं की रेघेचं टोकही सरकायचं, अगदी हवं तसं.

"जाधव मैम, रुको," ती म्हणाली, आणि तिनं चुंबक काढलं. रेघ झोपली. परत ठेवलं, उठली. "देखा? गया! असली है!" मला तिनं मिठीच मारली. सरांनी शिकवलेलं सगळं तिनं केलं होतं. फक्त पितळ सरांच्या खिशात होतं आणि सर मंत्रालयात.

तिनं फोन केला. सर पलीकडून "अच्छा... सुबह देखते हैं," एवढंच म्हणाले. तोवर संचालकांपर्यंत बातमी गेली होती आणि समितीसाठीच्या पोस्टरवर नवी रेघ छापायला दिली होती.

सकाळी नऊला सर आले. बाहेर धुकं इतकं की कडुनिंब दिसत नव्हता. नेहानं नवा कुर्ता घातला होता. सरांनी त्या दिवशी पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग लॉस किती, म्हणजे वाटेत सिग्नल किती खर्च झाला, असं विचारलं. नेहानं आकडा सांगितला. तो फारच कमी होता. फिल्म सिग्नल खाते, ती कधी इतकी दिलदार नसते, हे सरांनीच मला कितीदा सांगितलेलं. त्यांचा डावा हात खिशात गेला. कापडातून मला त्यांची मूठ दिसत होती.

नेहाच हसत म्हणाली, "सर, चुंबक निकालूँ?"

"नहीं," सर म्हणाले. "रहने दो. चाय पिओगी?"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'रहने दो' मी कधी ऐकलं नव्हतं. नेहा चहा सांगायला गेली तशी मी त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"सर, काय झालं?"

"काही नाही."

"मग ठोकळा का नाही ठेवलात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चोरी पकडली गेलेल्या मुलासारखा चेहरा. "जाधवबाई, तिचा चेहरा बघितलात का? आणि मलाही... एकदा तरी वाटू दे ना, की झालं." मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली. इतकी वर्षं खरंखोटं करत आलेला माणूस त्या सकाळी थकला होता. अकरा वाजता खाली समितीच्या गाड्या लागल्याचा निरोप आला.

खोलीत समिती बसली, हीटर लावला, चहा फिरला. नेहा उत्तम बोलली. एकदाही अडखळली नाही. तिनं चुंबक सरकवलं, रेघेचं टोक डावीकडे गेलं. परत सरकवलं, उजवीकडे आलं. एक सदस्य म्हणाले, पुन्हा दाखवा. तिनं पुन्हा दाखवलं. अध्यक्ष पुढे वाकून बघत होते. सर सगळ्यांच्या मागे खिडकीपाशी, पाठमोरे. मी यंत्राशेजारी उभी, माझं लक्ष त्यांच्या खिशाकडे. हात आत होता, बाहेर येत नव्हता.

"बहुत बढ़िया," अध्यक्ष म्हणाले आणि पेन उघडलं. "मुझे तो लगता है, इसे आगे बढ़ाना चाहिए."

नेहानं सरांकडे बघितलं. ते वळले. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद त्यांनी पाहिला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि मग ते टेबलाशी आले.

"सर, एक मिनट," ते अध्यक्षांना म्हणाले. त्यांनी चुंबक काढून बाजूला ठेवलं, खिशातलं पितळ काढून त्या जागी बसवलं. "नेहा, सरकाओ."

तिला कळलं नाही. तिनं ठोकळ्याखालची सरकपट्टी ढकलली. पितळेमागोमाग रेघेचं टोक तसंच शहाण्यासारखं डावीकडे गेलं, आणि तसंच उजवीकडे आलं.

"यह पीतल है," सर म्हणाले. "सिग्नल फ़िल्म से नहीं आ रहा. डिब्बे से आ रहा है."

नेहानं सरकपट्टीवरचा हात काढला, तव्याला लागल्यासारखा.

"आपको यह अभी पता चला?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांनी भला विचार करून दार उघडं ठेवलं होतं. नुसतं 'जी' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नौ बजे से शक था."

"तो हमें बिठाया क्यों?"

"हिम्मत नहीं हुई," सर म्हणाले.

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. ते रागावले नव्हते, त्यांना वाईट वाटलं होतं. तुमची जुनी दुबळी रेघ दाखवली असती तर मी तुमच्यासाठी भांडलो असतो, असं ते हिंदीत म्हणाले. आता मी काय लिहू? आणि ते खरंच होतं. जुना डबा शेजारच्याच कपाटात होता. नऊ वाजता सर बोलले असते तर तो बसवायला भरपूर वेळ होता. नेहा रडली असती, चिडली असती, आणि कामाला लागली असती. तिला दुखवायला नको म्हणून सर गप्प राहिले, आणि शेवटी सगळ्यांच्या देखत, तिच्याच हातानं ते उघडं पाडलं.

प्रकल्प बंद झाला. नेहा दोन दिवस आली नाही. मग आली, आणि कुणाशी न बोलता नवा डबा उघडून बसली. खोली रिकामी करेपर्यंतचे आठवडे त्या दोघांनी काम केलं. झाकणाला खाच पाडली, आतून काळं स्पंजसारखं काहीतरी चिकटवलं, चोराची वाट बंद केली. हळूहळू ती उंच रेघ खाली खाली आली, आणि तिच्याखाली एक लहानसा उंचवटा दिसायला लागला. पितळ ठेवलं की तो मरायचा, चुंबक ठेवलं की जगायचा. ती खरी लहर.

"यही है," सर म्हणाले.

"जी," नेहा म्हणाली. एवढंच. आधी या दोघांच्या वादावादीनं माझं डोकं उठायचं, आता त्या खोलीत जायला मला भीती वाटायची.

"तिची माफी मागा," मी सरांना सरळ म्हटलं.

"मागितली."

"काय म्हणाली?"

"ठीक है सर, म्हणाली." ते चष्मा पुसत राहिले. "ठीक नाहीये हो, जाधवबाई."

खोली दुसऱ्या गटाला गेली. सर निवृत्त झाले. नेहाला गुरुग्रामला नोकरी लागली, कुठल्याशा फोन कंपनीत सॉफ्टवेअरचं काम. ती निरोप घ्यायला सगळ्यांकडे आली. सरांना वाकून नमस्कारही केला, पण त्या नमस्कारात नेहा नव्हती.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात सर गेले. सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले आणि फाटकाशीच कोसळले. बातमी कळल्यावर मी किती तरी वेळ गॅससमोर तशीच उभी होते. दिल्लीत इतकी वर्षं काढूनही मला 'जाधवबाई' म्हणणारं आता कुणी नव्हतं.

मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. सतरंज्या, हार घातलेला फोटो, उदबत्ती. एकामागून एक लोक उठून बोलले. ऋषितुल्य, सत्यनिष्ठ, निःस्पृह. जे त्यांना फक्त गणेशोत्सवात भेटायचे तेही बोलले. एकांनी समितीची गोष्ट सांगितली, भरल्या गळ्यानं, की बघा, हातातोंडाशी आलेलं यश सोडून या माणसानं भर सभेत सत्य सांगितलं. हॉलमध्ये उसासे उमटले. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या.

मग मागून नेहा उठली. ती आलेली मला माहीतही नव्हतं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच, थेट ऑफिसातून आली असावी.

"मुझे सर से शिकायत है," ती म्हणाली.

हॉल एकदम ताठ झाला. सूत्रसंचालक अर्धवट उठले. ती थांबली नाही. सर सगळ्यांसमोर खरं बोलले, सगळे तेच आठवतात, ती म्हणाली. "मुझसे नौ बजे बोलना था. अकेले में. मैं उनकी स्टूडेंट थी, मैं सुन लेती." मग म्हणाली, "नौकरी तो मिल गई. वो काम फिर नहीं मिला. और वो भी नहीं मिले."

ती तशीच उभी राहिली, पुढे काय करायचं ते न कळून. कुणीतरी खाकरलं. मला उठून तिच्यापाशी जायचं होतं, पण मी जागची उठले नाही.

वहिनींनी मान वर केली. शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सतरंजीवर हात थोपटला. "इधर आओ बेटा."

नेहा आली, बसली. वहिनींनी तिचा हात धरला. त्या हळू बोलत होत्या, पण हॉल इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं.

"घर में भी यही बोलते थे. बैठे-बैठे. चाय ठंडी हो जाती थी. 'नौ बजे बोलना था, नौ बजे बोलना था.' मैं कहती, तो जाओ ना, गुड़गाँव कौन-सा दूर है."

सूत्रसंचालकांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही.